उरेबातली फुलं

माझ्या कापायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका बाईचं चित्र लावलेलं आहे. काळा आणि विटकरी लाल, एवढे दोनच रंग. बाई थोडी तिरकी उभी आहे, डावा खांदा आपल्याकडे. बारीक कंबर, पोटरीच्या मध्यापर्यंत आलेला मोठ्या घेराचा फुलाफुलांचा फ्रॉक, मनगटाशी संपणारे पांढरे हातमोजे. चेहऱ्याला चार रेघा पुरल्या आहेत: एक भुवई, एक पापणी, ओठांच्या दोन. नाकाच्या जागी नुसता ठिपका. हे पान शिवणकामाच्या एका जुन्या इंग्रजी मासिकातलं आहे. पुण्यात मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, पितळी नळ आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगांमधून वाट काढताना रद्दीच्या गठ्ठ्यात दिसलं. खालचा मजकूर कुणीतरी कातरून घेतलेला. चित्रावर सही नाही.

घरी येणारं माणूस आधी तिच्या कमरेकडे बघतं. मी हे चित्र लावलं ते तिच्या फ्रॉकवरच्या फुलांसाठी, आणि आज लिहायचंय तेही फुलांबद्दलच. ज्याने किंवा जिने हे काढलं त्या माणसाला कापड कसं कापतात, शिवल्यावर ते अंगावर कसं पडतं, हे आतून माहीत होतं. ती सगळी जाण या फुलांत उतरली आहे. थोडा वेळ द्या, एकेक फूल दाखवते.

छाप साधा आहे. लांब देठ, देठाला दोन पानं, टोकाला पाच पाकळ्यांचं फूल. देठ खाली, फूल वर. म्हणजे एकाच दिशेचा छाप. असं कापड कापायला बसलं की शिवणारी बाई आधी उसासा टाकते, कारण तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही. एक तुकडा उलटा गेला तर तिथली सगळी फुलं डोक्यावर उभी राहतात. पण चित्र वाचायला हाच छाप फार उपयोगाचा. फुलाचा देठ कापडाच्या उभ्या धाग्याला धरून छापलेला असतो. त्यामुळे फ्रॉकवर जिथे जिथे देठ दिसतो तिथे तिथे उभा धागा कुठल्या दिशेला चाललाय ते कळतं.

आता समोरच्या बाजूने, पोटाखालून सुरुवात करू. अगदी मधोमध फुलं ताठ उभी आहेत. तिथून कुशीकडे सरकलं की ती बाहेरच्या अंगाला कलायला लागतात. आणखी पुढे गेलं की निम्मी आडवी होतात. आणि कुशीच्या शिवणीपाशी, जिथे फ्रॉकचा पुढचा भाग संपून मागचा सुरू होतो, तिथे एक फूल पूर्ण आडवं झोपलेलं आहे, त्याचं डोकं मागच्या बाजूला. त्याच्या समोर, शिवणीच्या पलीकडून, दुसरं एक फूल आडवं येतं, त्याचं डोकं पुढे. दोन्ही फुलं शिवणीवर एकमेकांना भिडली आहेत.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी भिंग घेऊन बराच वेळ त्या जागेवर होते. हे सजावटीसाठी कुणी काढणार नाही. नुसती शोभा हवी असती तर फुलं सगळीकडे नीट उभी काढून मोकळं होता आलं असतं. ती कलली आहेत कारण खरोखरचा फ्रॉक समोर होता, किंवा त्याचा काप डोक्यात पक्का होता.

चुण्या घालून घेर आणला असता तर फुलं कललीच नसती. आपला परकर तसाच असतो: सरळ पट्टा, वर नेफा नाहीतर चुण्या, आणि खाली पट्ट्याच्या लांबीएवढा घेर. त्यावरची नक्षी सगळीकडून उभीच राहते. फुलं कलली म्हणजे घेर कापातून आलाय. हा पूर्ण गोल घेराचा काप आहे, चार चतकोर जोडून केलेला.

ज्यांनी कधी गोल घेर कापला नाही त्यांच्यासाठी हिशोब सांगते. कंबर २६ इंच धरू. वर्तुळाचा परीघ २६ हवा, तर त्रिज्या येते साधारण सव्वाचार इंचांच्या आत, ४.१४. कमरेपासून खाली लांबी २८ इंच धरली तर बाहेरच्या मोठ्या वर्तुळाची त्रिज्या झाली ३२ इंचांच्या किंचित वर. खालच्या कडेचा घेर मोजला तर तो २०२ इंच भरतो, म्हणजे साडेपाच वारांच्या वर. आता त्या काळच्या सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, असायचा साधारण ३६ इंच. त्यात अर्धं वर्तुळ आडवं मावत नाही, त्याला ६४ इंच लागतात. चतकोर मात्र बरोबर बसतो: एक सरळ कड कापडाच्या काठाला समांतर, दुसरी सरळ कड पन्ह्यावर आडवी, वर शिवणीला आणि खालच्या दुमडीला तीन-साडेतीन इंच उरतात. असे चार चतकोर म्हणजे नुसत्या घेराला पावणेचार वार. वरच्या अंगाला दीड वार धरा. एका फ्रॉकला सव्वापाच वार, एका पाचवारी साडीइतकं कापड.

आणि चतकोर जोडले की समोर मधोमध शिवण येणारच. चित्रात ती आहे. कमरेपासून सुरू होणारी एक बारीक रेघ, एरवी कुणाच्या नजरेलाही येणार नाही इतकी बारीक. तिच्या डावीकडे एक अर्धं फूल आहे आणि उजवीकडे भलतंच पान. जुळलेलं नाही. छाप दोन्ही तुकड्यांवर त्याच बाजूने पडलेला असतो, आरशासारखा उलटा होत नाही, म्हणून अशा शिवणीवर फूल सहसा तुटतंच. चित्रकाराने ते तुटलेलंच काढलं. विक्रीच्या चित्रात शिवणीवरचं तुटलेलं फूल दाखवायला धीर लागतो.

कॅम्पात साचापीर स्ट्रीटच्या बाजूला एक मास्तर होते, ख्रिश्चन लग्नांचे गाऊन शिवायचे. मी त्यांच्याकडे सुरुवातीच्या काळात काम शिकायला जात असे. गोल घेर कापून झाला की ते तो लगेच दुमडू द्यायचे नाहीत. कमरेची पट्टी लावून हँगरला टांगायचा, रात्रभर. "बाई, कपडा को लटकने दो, बाद में कैंची," असं त्यांचं मराठी-हिंदी मिश्रण चालायचं. सकाळी बघावं तर गोल कड वेडीवाकडी झालेली. समोर आणि कुशीला कापड होतं तिथेच, पण मधल्या भागात, जिथे कापड उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यावर, येतं, ते इंच-दीड इंच खाली उतरलेलं. उभ्या धाग्यावर कापड ताणलं जात नाही, आडव्यावर थोडंसं जातं, पण तिरक्यात, उरेबात, ते स्वतःच्या वजनानेच लांब होतं. मग उतरलेलं कापून कड सारखी करायची आणि त्यानंतर दुमड.

उरेबाचा दुसरा गुण असा की तिथे कापड सगळ्यात मऊ पडतं. गोल घेराच्या सगळ्यात खोल वळ्या समोर मधोमध येत नाहीत, कुशीलाही येत नाहीत. त्या दोहोंच्या मध्ये येतात. आता चित्राकडे पाहा. काळ्या शाईचे तीन मोठे फटकारे आहेत, कमरेखाली बारीक सुरू होऊन खाली रुंद होत गेलेले. ते तिथेच आहेत, मधल्या शिवणीच्या आणि कुशीच्या बरोबर मध्ये, जिथे फुलं निम्मी कललेली आहेत. वळी कुठे पडते आणि फूल किती कलतं, या दोन गोष्टी एकाच कारणातून येतात आणि या चित्रात दोन्ही एकाच जागी भेटतात. मास्तर असते तर त्यांना हे पान नक्की दाखवलं असतं.

काळे फटकारे म्हटले, तर त्यांच्या आत एकही फूल नाही. वळीच्या सावलीत छाप पूर्ण गाळून टाकलाय. उजेडाच्या बाजूलाही, बाईच्या डाव्या मांडीवर जिथे कापड फुगलंय, तिथे फुलांच्या कडा अर्ध्यावरच सोडून दिल्यात, दोन-तीन फुलांचा तर नुसता लाल डाग आहे, रेघच नाही. अख्ख्या फ्रॉकवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण काढलेली फुलं सात. बाकी सगळी अर्धी, पाव, नाहीतर नुसती सुचवलेली. पण कुणालाही विचारा, फ्रॉक कसा आहे, तर म्हणेल, फुलांनी भरलेला.

या गाळण्यामागे छपाईचंही कारण आहे. ऑफसेट छपाई सगळीकडे पोचायच्या आधी चित्र छापायचं तर ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करावा लागे. लाइन ब्लॉकमध्ये चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून, रेघांखेरीजचा भाग ॲसिडने खाऊन टाकत. तिथे काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. करडी छटा हवी असेल तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे चित्र जाळीतून बारीक ठिपक्यांत फोडायचं. आणि तो खरखरीत कागदावर छापला की ठिपके पसरून सगळं मळकट दिसायचं. म्हणूनच फोटोग्राफी इतकी पुढे गेल्यावरही वर्तमानपत्रांतल्या कपड्यांच्या जाहिराती कितीतरी वर्षं हाताने काढलेल्याच असत. स्वस्त कागदावर स्वच्छ उठणारी गोष्ट म्हणजे रेघ. ज्याला करडा रंगच मिळणार नाही त्याला सावलीत छाप दाखवायचा की सावली, हे ठरवावं लागतं. या चित्रकाराने सावली निवडली आणि छाप सोडला. माझ्या पानावर लाल रंगाचा ब्लॉक काळ्याच्या मानाने केसभर डावीकडे सरकलाय, त्यामुळे फुलांच्या पाकळ्या रेघेबाहेर डोकावतात. छापखान्यातली ती चूक मला या चित्रात खूप आवडते. फुलं त्यामुळे हलती वाटतात.

शिवणीच्या पॅटर्नच्या पाकिटांवरही चित्रंच असत, आणि तिथलं कारण आणखी वेगळं. अमेरिकेत एबेनीझर बटरिकने १८६३ साली मापाप्रमाणे लहानमोठे कागदी पॅटर्न विकायला काढले. त्यानंतर मॅकॉल आले, १९२७ साली सिम्प्लिसिटी. एकाच पॅटर्नमधून एक बाई साधा फ्रॉक शिवणार, दुसरी चौकडीचा, तिसरी फुलांचा. एकीला लांब बाही हवी, दुसरीला आखूड. एवढे सगळे कपडे खरोखर शिवून त्यांचे फोटो काढत बसणं परवडणारं नव्हतं. चित्रकार मात्र एका दुपारी तिन्ही प्रकार काढून देई, आणि घरी मशीनवर बसलेल्या बाईला त्यातून समजायला हवं असे की आपल्या कापडाचं काय होणार आहे. मोठी नावं याच्या वरच्या मजल्यावर होती. कार्ल एरिक्सन, जो 'एरिक' अशी सही करायचा, 'व्होग' या फॅशनच्या मासिकासाठी काढायचा आणि मॉडेल समोर उभी असल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही. रेने ग्रुओ पॅरिसच्या डिऑर या फॅशनच्या पेढीसाठी काढायचा. त्याची काळी जाड रेघ आणि सपाट लाल रंग आजही लांबून ओळखू येतो. अँडी वॉरहॉल प्रसिद्धी मिळण्याआधी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आय. मिलर या दुकानासाठी बुटांची चित्रं काढत होता, १९५५च्या सुमारास. त्यांच्या कामाची पुस्तकं निघतात, प्रदर्शनं होतात. माझ्या भिंतीवरच्या चित्रासारखी, पगारावर किंवा नगावर काढलेली, सही नसलेली हजारो चित्रं मात्र रद्दीत गेली. माझ्या मते कापडाचं ज्ञान या बिनसहीच्या लोकांकडे जास्त होतं. ग्रुओची बाई सुंदर असते, पण तिचा कपडा त्याच्या चित्रावरून मला कापता येणार नाही. हा कापता येतो.

आता ती कंबर. मी डिव्हायडर घेऊन मोजलं. बाईची उंची तिच्या डोक्याच्या नऊपट आहे. तुम्ही-आम्ही सात ते साडेसात डोक्यांच्या. फॅशनच्या चित्रांत हा वाढीव भाग जवळजवळ सगळा कमरेच्या खाली घालतात, पाय लांब होतात. हे खोटं आहे आणि अनेक मुलींना त्याने आपल्या शरीराबद्दल वाईट वाटायला लावलंय. माझ्याकडे शनिवारी फॅशन डिझाइनच्या मुली चित्रं काढायला येतात, त्यांच्यापैकी एकीने मला सरळच विचारलं, "ताई, असलं चित्र तुम्ही भिंतीवर कशाला लावता?" प्रश्न योग्यच होता. मी तिला सांगितलं की अंग ताणलंय हे खरं, पण कापड ताणलेलं नाही. फूल तिच्या मुठीएवढं आहे. कमरेपाशी आणि खालच्या कडेपाशी फुलाचं माप तेच आहे. पाय वाढवताना फुलं वाढवली नाहीत. खाली एक ओळ जास्त काढली. ती मुलगी पट्टी घेऊन बसली आणि खरंच मोजून आली. त्यानंतर ती या चित्राशी भांडली नाही, कमरेशी अजून भांडते, आणि त्यात मी तिच्या बाजूने आहे.

ही कंबर आणि हा घेर कुठून आला तेही सांगायला हवं. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन डिऑरने पॅरिसमध्ये आपले पहिले कपडे दाखवले. आवळलेली कंबर, मोठा घेर, लांबी पोटरीपर्यंत. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्याच्या मागे युद्धाची वर्षं होती. इंग्लंडमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. ते संपायला १९४९ उजाडलं. अशा बायकांसमोर सव्वापाच वारांचा फ्रॉक आला. कुणाला तो उधळेपणा वाटला, कुणाला सुटका. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर नियंत्रण आलं. आमच्या घरातल्या मोठ्या बायका 'कंट्रोलचं कापड' असा शब्द वापरायच्या, तो जाडाभरडा स्पर्श त्यांच्या बोटांना शेवटपर्यंत आठवत होता. आईची एक मावशी सांगायची की त्या दिवसांत जुन्या धोतराचे परकर झाले, परकरांची झबली झाली आणि झबल्यांची पायपुसणी.

त्याच सुमारास इंग्लंडात सुती छापाच्या तयार फ्रॉकना मोठी मागणी आली. हॉरॉक्सेस या जुन्या गिरणीने १९४६ साली फ्रॉक शिवून विकायला सुरुवात केली आणि छाप काढायला ॲलिस्टर मॉर्टन, ग्रॅहम सदरलँड असे चित्रकार लावले. मोठमोठी फुलं, भरपूर पांढरी जागा. मला त्या काळातला आणखी एक छाप फार आवडतो, फुलांचा नसला तरी. १९५१च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंच्या कल्पनेतून, क्ष-किरणांनी मिळालेल्या रेणूंच्या आकृत्यांवरून कापडाचे छाप केले गेले. इन्सुलिन, हिमोग्लोबिन, यांच्या रचनेची नक्षी पडद्यांवर आणि कपड्यांवर. स्फटिकात एक आकृती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते आणि छापातही तेच होतं, म्हणून ते इतकं सहज जमलं असावं. पाषाणला राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील रसायनशास्त्रात संशोधन करतात. तिने हे घरी सांगितलं तर ते दुसऱ्या शनिवारी स्वतःच चित्रं बघायला आले.

पण हे सगळं तिकडचं. पुण्यात १९५०च्या आसपास असा फ्रॉक घालणारी मोठी बाई दिसायची ती कॅम्पात: पारशी, अँग्लो-इंडियन, गोव्याकडची ख्रिश्चन कुटुंबं. लकडी पुलाच्या अलीकडे पेठांमध्ये नऊवारी, पाचवारी, मुलींना परकर-पोलकं, लहानग्यांना झगा. म्हणून पेठेतल्या बायकांना छाप आणि कापाचं नातं कळत नव्हतं असं कुणी समजू नये. खणाचं पोलकं बेतताना काठ बाहीला आलाच पाहिजे, यासाठी माझी आजी खण जमिनीवर पसरून इतक्या बाजूंनी फिरवायची की बघणारा कंटाळून उठून जाई. तुकडा वाया गेला तरी चालेल, पण काठ दंडावर सरळ बसायला हवा. भिंतीवरच्या चित्रातल्या शिवणीवरच्या त्या दोन फुलांमागे जी जाण आहे, तीच तिच्याकडे होती.

साडीची गंमत वेगळी. तिला कात्री लागतच नाही. फ्रॉकवर नक्षीची दिशा कापामुळे बदलते, साडीवर नेसण्यामुळे. निऱ्यांवर जी बुट्टी उभी दिसते ती पदर खांद्यावरून मागे सोडला की आडवी होते. पैठणी विणणारा हे आधीच धरून चालतो, म्हणून पदरावरचे मोर अंगभरच्या बुट्टीच्या दिशेने नसतात. पदर पाठीवर लोंबला की ते सरळ दिसतील असे असतात. आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर दीनानाथ दलालांनी ज्या बायका रंगवल्या, त्यांच्या साड्या मी याच नजरेने बघते. दलालांनी १९४५मध्ये 'दीपावली' सुरू केलं. त्यांच्या सपाट रंगांत, मोजक्या रेघांत, काठ वळीत शिरतो आणि पलीकडून निघतो तेव्हा नजर त्याला बरोबर जोडून घेते. रघुवीर मुळगावकरांचं काम त्याहून वेगळं, गुळगुळीत, झळाळतं. तिथे कापडाची चमक आधी दिसते, काप नंतर. मला स्वतःला दलाल जवळचे वाटतात. आमच्या घरी आईने जुने अंक जपले होते, तिच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून.

आता मुलींकडे येते, कारण हे लिहायला घेतलं ते त्यांच्यामुळेच. त्या हुशार आहेत, टॅबवर माझ्या दसपट वेगाने काढतात. फ्रॉकची बाह्यरेघ काढली, छापाचा चौकोन उचलला, आत ओतला, झालं. फुलं सगळीकडून उभी, सगळीकडे सारखी, वळीतून, शिवणीवरून, बाहीवरून, काही न घडल्यासारखी. मग वरून सावली फासायची. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण त्या चित्रावरून मास्तरला कळत नाही की घेर चुण्यांचा हवा की गोल कापाचा. कापड किती आणायचं ते कळत नाही. छाप एकदिशा असेल तर किती वाया जाणार ते कळत नाही. चित्र काढणाऱ्या मुलीलाही ते कळलेलं नसतं, आणि मला काळजी वाटते ती त्याची. छाप ओतला की विचार करायची वेळच येत नाही.

म्हणून मी त्यांना टॅब बाजूला ठेवायला लावते. घरातलं कुठलंही जुनं छापाचं कापड घ्या, चतकोर गोल कापा, कमरेची बाजू पट्टीला टाचा आणि खुर्चीच्या पाठीवर लटकवा. मग अख्खं कापड काढू नका. एकच वळी निवडा, तिच्या दोन्ही बाजूंची चार-पाच फुलं काढा, आणि वळीच्या आत काय जातं ते लिहा. पहिल्या दिवशी सगळ्या जणी फूल वळीच्या कडेशी येऊन थांबवतात. हळूहळू कळतं की फूल थांबत नाही, ते आत जातं आणि त्याची एखादी पाकळी पलीकडच्या कडेवर निघते, मधला भाग डोळ्यांना दिसत नाही इतकंच. हे एकदा हातात बसलं की टॅबवरही येतं. सॉफ्टवेअरमध्ये छाप वाकवायची, फिरवायची सोय असतेच. कुठे आणि किती फिरवायचा हे माणसाला माहीत असावं लागतं.

मी आता तो फ्रॉक शिवायला घेणार आहे. शनिवारच्या त्याच मुलीच्या मापाचा, जिला कमरेशी भांडण आहे. तिची कंबर ३१ आहे, तर त्रिज्या पाच इंचांच्या जरा आत येईल. लांबी दोन इंच कमी केली तरी चतकोर ३१ इंचांतच बसतो. आधी मांजरपाटात कापून, टांगून बघायचं. मग खरं कापड. रविवार पेठेतल्या कापडगंजात ४४ पन्ह्याची कॅम्ब्रिक मिळते, पण मला कापडही ३६चंच हवंय आणि मधली शिवणही, म्हणून दुकानदाराकडे चौकशी करून ठेवली आहे. छाप देठाफुलाचाच, एकदिशा.

घेराचा प्रश्न सुटलाय, अडलंय ते बाहीपाशी. चित्रात खांद्यावरून दंडावर येताना एक फूल न तुटता सरळ उतरतं. म्हणजे तिथे मुंढ्याची शिवण नाही, बाही वरच्या अंगातूनच सलग कापलेली आहे, किमोनो बाहीसारखी. पण ती बाही दंडाला इतकी चापून बसलीय की काखेत चौकोनी तुकडा घातल्याशिवाय हात वर जायचा नाही, आणि चित्रातल्या बाईने हात नेमका खाली ठेवलाय. काखेखाली मात्र एका पानाचं टोक चुकीच्या दिशेला वळलेलं दिसतं. भिंगाखाली बघितलं, ती शाईची गळ नाही, ओढलेली रेघ आहे. तुकडा तिथेच असणार. मांजरपाटावर आधी तेच करून बघते.